सर्व्हिस सेंटरला दहापैकी दहा, आणि गाडीची खडखड तशीच

नाव लिहीत नाही. नाशिकमधलं एका कंपनीचं ऑथराइज्ड कार सर्व्हिस सेंटर, एवढंच समजा. कुठलं ते शोधायच्या भानगडीतही पडू नका, कारण तिथला जो ॲडव्हायझर पोरगा आहे त्याचा यात फारसा दोष नाही आणि माझ्या लिहिण्याने त्याचा इन्सेन्टिव्ह बुडावा अशी माझी इच्छा नाही. रिव्ह्यू सर्व्हिसचा आहे, पोराचा नाही.

गाडी साधी हॅचबॅक, पेट्रोल, २०१९ ची, ६१ हजार किलोमीटर झालेत. रोजचं रनिंग इंदिरानगर ते सातपूर आणि परत, शिवाय महिन्यातून एकदोनदा निफाडला सासुरवाडी. मी सातपूर एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर माझं काम म्हणजे मोजणे, लिहिणे आणि ते लिहिलेलं ग्राहकाला दाखवणे. हे आधीच सांगतो कारण पुढे मी आकड्यांना बऱ्याच शिव्या घालणार आहे आणि कोणाला वाटायला नको की याचं गणित कच्चं आहे.

तर तक्रार काय होती, पुढून डाव्या बाजूने खडखड. पत्र्याच्या रिकाम्या डब्यात दोन बोल्ट टाकून हलवले की कसा आवाज येतो, तसा. स्पीड वाढला की कमी, हळू चालवली की जास्त. आणि सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे अर्धं शहर खोदलेलं आहे त्यामुळे आवाज यायला जागा भरपूर. आठवडाभर मी रेडिओ मोठा करून चालवली, मग बायको म्हणाली की अहो, आता तो आवाज रेडिओच्या वरून ऐकू येतोय.

तिचं म्हणणं होतं की तिच्या भावाचा जो पंचवटीतला मिस्त्री आहे त्याच्याकडे टाका. मी म्हटलं कशाला, मॅपवर बघ, सर्व्हिस सेंटरला ४.७ रेटिंग आहे आणि रिव्ह्यू काही हजार आहेत, मिस्त्रीला तर मॅपवर नावच नाहीये. हे वाक्य लक्षात ठेवा, घरात अजून मला ते ऐकवलं जातं.

पहिली फेरी. महिन्याची २९ तारीख. सकाळी सव्वानऊला पोचलो, गेटवर सलाम, एसी लाउंज, कॉफीचं मशिन, सगळं व्यवस्थित, खोटं कशाला बोलू. ॲडव्हायझर पोरगा हातात टॅब घेऊन आला, गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि विचारलं, काही तक्रार सर? मी त्याला तीन मिनिटं समजावून सांगितलं. आवाज डावीकडून येतो, एक चाक खड्ड्यात गेलं की हमखास येतो, स्पीड ब्रेकरवर मात्र येत नाही, सकाळी थंड असताना जास्त येतो, आणि तोंडाने आवाज काढून पण दाखवला, शेजारी उभे असलेले एक काका हसले. पोराने सगळं मान डोलवत ऐकलं आणि टॅबवर एक लिस्ट उघडली, त्यातून निवडलं "सस्पेन्शन नॉइज फ्रंट". झालं. माझी तीन मिनिटं तीन शब्दांत बसली आणि आत वर्कशॉपमध्ये ज्याने गाडी उघडली त्याच्यापर्यंत तेवढे तीनच शब्द गेले. मी त्या वेळी उलट खूश झालो होतो बरं का, म्हटलं काय सिस्टिम आहे, सगळं डिजिटल.

पाचची वेळ दिली होती, चार चाळीसला मेसेज आला की गाडी रेडी. गेलो तर गाडी चकाचक, डॅशबोर्डला पॉलिश, सीटला वास, पायाखाली कागद. बिल ६,८४० रुपये, त्यात ऑइल फिल्टर वगैरे रास्तच होतं, पण मी न मागितलेलं थ्रॉटल बॉडी क्लिनिंग आणि एसीची कसली तरी ट्रीटमेंट पण होती. "सस्पेन्शन टाइटनिंग करून दिलंय सर." आणि सोबत एक रिपोर्ट, ४० मुद्दे, ४० हिरव्या टिका. एकही लाल नाही, एकही पिवळी नाही. ६१ हजार चाललेल्या गाडीला ४० पैकी ४०! माझ्या स्वतःच्या बॉडी चेकअपला एवढं कधी आलेलं नाही.

मग खरा कार्यक्रम. पोरगा गाडीपर्यंत सोडायला आला, दार धरून उभा राहिला आणि आवाज खाली करून म्हणाला, सर उद्या कंपनीकडून कॉल येईल, दहापैकी किती द्याल म्हणतील, तेवढं प्लीज दहा द्या. मी म्हटलं, अरे देईन की आठनऊ, छान केलंय तुम्ही. तर त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, सर, आठ दिलं तर माझ्यासाठी शून्यच आहे.

मला ते तेव्हा अतिशयोक्ती वाटली, पण नाही, हिशोबच तसा आहे. ही जी "तुम्ही आम्हाला मित्राला सुचवाल का, ० ते १० मध्ये सांगा" पद्धत आहे ना, ती फ्रेड राइकहेल्ड नावाच्या अमेरिकन कन्सल्टंटने २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडली, तिला नेट प्रमोटर स्कोअर म्हणतात. त्यात ९ आणि १० देणारे तेवढे समर्थक, ६ आणि त्याखालचे सगळे नाराज, आणि ७-८ वाले उदासीन, ना इकडे ना तिकडे, फक्त एकूण संख्येत धरतात. समर्थकांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की आला स्कोअर. म्हणजे आठ देणारा माणूस वरच्या बाजूला काहीही भर घालत नाही. आता आपल्याकडे बघा, ज्या पिढीने शाळेत निबंधाला दहापैकी सात मिळाले की घरी पेढे वाटले, ज्यांच्या मास्तरांनी उभ्या आयुष्यात मराठीच्या पेपरला पैकीच्या पैकी दिले नाहीत, त्या माणसाच्या तोंडून "आठ" निघालं म्हणजे तो फिदा झालाय. तो आठ म्हणतो आणि तिकडे मशिन म्हणतं उदासीन. एका देशातल्या लोकांच्या सवयीवर बेतलेली पट्टी दुसरीकडे नेऊन लावली आणि तिच्यावर पोरांचे पगार टांगले.

दुसऱ्या दिवशी अकराला कॉल आला, मी मीटिंगमध्ये, म्हटलं पटकन संपवा मॅडम. गाडी वेळेत मिळाली का, हो. वॉशिंग झालं का, हो. ॲडव्हायझरने काम समजावून सांगितलं का, हो. तक्रार दूर झाली का? आता खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटत होतं की झाली, कारण एक तर ऑफिसला जाताना गाडी त्र्यंबक रोडने गुळगुळीत आली होती, आणि दुसरं म्हणजे नुकतीच धुतलेली गाडी नेहमीच चांगली चालल्यासारखी वाटते, कोणी अनुभव घेतला असेल तर सांगा. दहा, म्हटलं. दहा. त्यांच्या बोर्डावर मी समर्थक झालो.

शनिवारी निफाडला निघालो आणि द्वारका ओलांडून जेमतेम पुढे गेलो तर खडखड हजर.

सासुरवाडीला पोचून डिकी उघडली तेव्हा दुसरी गंमत कळली. डिकीत महिनाभरापासून सासऱ्यांनी दिलेलं कांद्याचं पोतं पडलेलं होतं, तिसऱ्या मजल्यावर चढवायचा कंटाळा म्हणून तसंच राहिलेलं. सासऱ्यांनी सुतळीला मारलेली गाठ तशीच, पोत्याभोवती कांद्याची सालं पसरलेली, त्यांना कोणी हात लावलेला नाही. आणि त्या पोत्याच्या खाली, कार्पेटच्या खाली, स्टेपनी. खिशातून रिपोर्ट काढला, मुद्दा ३३, "स्पेअर व्हील कंडिशन व प्रेशर", हिरवी टिक. पोतं न हलवता स्टेपनीची हवा मोजायची असेल तर ज्ञानेश्वर माउलींनाच बोलवावं लागेल. पेट्रोल पंपावर चेक केली तर १४ निघाली, पाहिजे ३३.

बरं एक सांगतो, मला त्या टिका मारणाऱ्या माणसाचा राग आला नाही. मला तो ओळखीचा वाटला. कारण आमच्याकडे हेच चालतं. आमच्या कंपनीतून जे पार्ट ग्राहकाच्या लाइनवर जातात त्याचं रिजेक्शन पीपीएममध्ये मोजतात, दहा लाखात किती खराब. टार्गेट दरवर्षी खाली येतं. आता ते खाली आणायचे दोन रस्ते, एक म्हणजे मशिनवर काम करा, फिक्स्चर बदला, टूल बदला, त्याला पैसे लागतात आणि वेळ लागतो. दुसरा म्हणजे ग्राहकाच्या प्लांटमध्ये आपला एक पोरगा बसवा, पदाचं नाव भारी, रेसिडेंट इंजिनियर, आणि त्याचं काम एकच, की लाइनवर जायच्या आधी बिनमधले खराब पार्ट गुपचूप वेचून बाजूला काढायचे म्हणजे ते मोजले जात नाहीत. पीपीएम शून्य. मीटिंगमध्ये टाळ्या. मशिन तेच, खराबी तीच, वर एका माणसाचा पगार. मी स्वतः असे दोन पोरं बसवलेत आणि त्या वर्षी माझं अप्रेझल चांगलं झालं. गेटवरच्या "अपघाताविना इतके दिवस" बोर्डाबद्दल तर बोलायलाच नको, तो आकडा तीनशेच्या वर गेला की कोणाचं बोट चेमटलं तरी तो माणूस खिशात हात घालून घरी जातो, कारण आकडा शून्यावर आणणारा माणूस व्हायची कोणाची हिंमत आहे.

यावर शहाण्या लोकांनी बरंच लिहून ठेवलंय. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये ब्रिटनच्या चलनधोरणाच्या संदर्भात मुद्दा मांडला की एखाद्या आकड्यावरून कंट्रोल करायला गेलं की तो आकडा पूर्वीसारखा वागायचं सोडून देतो, आणि मेरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये तेच सोपं करून सांगितलं, मोजमापाचं टार्गेट झालं की ते धड मोजमाप राहत नाही. पण मला सगळ्यात आवडते ती हनोईची गोष्ट. दिल्लीच्या नागांची गोष्ट सगळे व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतात, इंग्रजांनी नाग मारायला बक्षीस लावलं आणि लोकांनी नागच पाळले वगैरे, तिला धड कागदोपत्री आधार सापडत नाही. हनोईच्या उंदरांची मात्र झालेली आहे. १९०२ साली तिथे फ्रेंचांचं राज्य, नवीन गटारं बांधली त्यात उंदीर माजले, प्लेगची भीती, म्हणून उंदीर मारणाऱ्याला पैसे. आता मेलेले उंदीर ऑफिसात कोण मोजणार, म्हणून म्हणाले शेपूट आणून द्या. शेपट्यांचे ढीग लागले. आणि काही दिवसांनी साहेबांना शहरात बिनशेपटीचे उंदीर पळताना दिसायला लागले. लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे पिल्लं होत राहतील आणि धंदा चालू राहील. शहराबाहेर उंदीर पाळणारे पण सापडले.

माझा जॉब कार्ड नंबर क्लोज झाला, ती शेपूट. खडखड डावीकडून बिनशेपटीची पळतेय.

दुसरी फेरी, पुढच्या आठवड्यात. तोच पोरगा. मला बघून जरा कावराबावरा झाला, मी म्हटलं घाबरू नको, दहा दिलेत. मग त्याने टॅब उघडला आणि विचारलं, सर "जनरल चेकअप" मध्ये टाकू का? मी म्हटलं अरे तीच तक्रार आहे, रिपीट आहे. तर म्हणाला, रिपीट कंप्लेंट टाकली की वरून कॉल येतो, महिन्याला ठराविकच चालतात, त्यापेक्षा चेकअपमध्ये टाकतो, काम तेच करून देतो. आणि मी हो म्हटलं, काय करणार, पोरगा भला आहे, लग्न ठरलंय त्याचं. पण याचा अर्थ काय झाला बघा, माझी खडखड त्या सेंटरच्या रेकॉर्डवर एकदाच आली आणि पहिल्याच वेळी सुटली. कंपनीच्या चाकणच्या किंवा गुरगावच्या कुठल्यातरी ऑफिसात बसून कोणी साहेब बघत असेल तर त्याला नाशिकचं हे सेंटर हिऱ्यासारखं दिसत असणार, आणि त्याच्यावरून तो उद्या ठरवणार की इथे ट्रेनिंगची गरज नाही, इथे सीनियर मेकॅनिक कशाला, दोन कमी करा. आकड्याचा खरा धोका हाच आहे असं मला वाटतं, खोटा आकडा लिहिणाऱ्याला माहीत असतं की तो खोटा आहे, वाचणाऱ्याला माहीत नसतं, आणि निर्णय वाचणाराच घेतो.

त्या दिवशी टेस्ट ड्राइव्हला मी सोबत बसतो म्हटलं. तर टेस्ट ड्राइव्ह म्हणजे त्यांच्याच आवारात एक गोल चक्कर, त्यात दोन स्पीड ब्रेकर. आवाज आला नाही. येणारच नव्हता, मी पहिल्याच दिवशी बोललो होतो की स्पीड ब्रेकरवर येत नाही. मी म्हटलं जरा बाहेर रस्त्यावर घेऊ, खड्डे आहेत भरपूर, तर म्हणाला सर एका गाडीला टेस्टसाठी दहा मिनिटं, मला दिवसाला बारा गाड्या आहेत. मग अलाइनमेंट करून दिली, तिचं पण प्रिंटआउट सगळं हिरवं. आणि एस्टिमेट दिलं, पुढचे दोन्ही शॉकअप आणि माउंट, ११,६०० रुपये, "टाकून बघू सर, बहुतेक जाईल आवाज". बहुतेक! साडेअकरा हजाराला बहुतेक!

मी म्हटलं विचार करून सांगतो. आणि शेवटी बायकोच्या भावाला फोन लावला.

पंचवटीतला मिस्त्री. गल्लीत शेड, बोर्ड नाही, लाउंज म्हणजे टायरवर फळी. दोन वेळा फोन उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाला परवा या. परवा गेलो तर म्हणाला थांबा, तासभर थांबवलं. हे सगळं लिहितोय कारण रिव्ह्यू आहे, आरती नाही. पण गाडीत बसल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा, साहेब, दोन्ही चाकं एकदम चढली की वाजतं का एकच चाक खड्ड्यात गेलं की? मी म्हटलं एक चाक गेलं की. म्हणे, मग शॉकअप कशाला बघायचा, लिंक रॉड बघू.

नंतर त्याने समजावलं ते असं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक दांडा असतो, वळणावर गाडी कलू नये म्हणून, तो दोन्ही टोकांना छोट्या लिंकने सस्पेन्शनला बांधलेला असतो. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं बरोबर वर जातात तेव्हा त्या दांड्याला पीळ बसत नाही, लिंकवर जोर येत नाही, म्हणून आवाज नाही. एक चाक खाली गेलं की पीळ बसतो आणि लिंकचा बॉल जॉइंट झिजला असेल तर तो खडखडतो. आणि लिफ्टवर गाडी उचलून दोन्ही चाकं लोंबकळत असताना हात लावून बघितलं तर ढिलाई कळतही नाही, म्हणून त्याने गाडी खाली चाकांवर उभी ठेवून, पोराला बोनेटजवळ एका बाजूने दाबायला लावलं आणि स्वतः आत हात घालून लिंक धरली. मला पण धरायला लावली. हाताला टक टक जाणवलं. दोन्ही लिंक नवीन, १,४०० रुपये, मजुरी ४००. वीस मिनिटं. आज अडीच महिने झाले, आवाज नाही.

माझी जी तीन मिनिटांची बडबड टॅबमध्ये बसली नव्हती त्यातच सगळं उत्तर होतं. स्पीड ब्रेकरवर येत नाही, हे एक वाक्य. त्याला कॉलम नव्हता.

आता कोणी म्हणेल की बघा, अनुभव भारी, आकडे फालतू. तसं काही नाहीये. त्याच मिस्त्रीने जाताना स्टेपनीसकट पाचही चाकांची हवा गेज लावून मोजली, पायाने लाथ मारून नाही. चाकाचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळायचं ते मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळले, ते बघून तर मला भरून आलं, आमच्या शॉपफ्लोअरवर सांगून सांगून लोक लावत नाहीत. टायरच्या खाचेत तो छोटा उंचवटा असतो ना, १.६ मिलीमीटरचा, त्याच्याशी टायर कुठवर घासलाय ते दाखवलं आणि म्हणाला मागचे दोन पावसाळ्याआधी बदला. म्हणजे आकडा त्याच्याकडे पण आहे, फक्त तो गाडीला विचारायला वापरतो, साहेबाला दाखवायला नाही.

आमच्या निफाडच्या मेव्हण्याचं द्राक्षाचं असंच आहे. रिफ्रॅक्टोमीटर खिशात असतो, मण्याचा रस टाकला की ब्रिक्स दिसतं, व्यापारी पण बघतो. पण ब्रिक्स मुख्यतः साखर सांगतं, आंबटपणा सांगत नाही, आणि जिभेला गोड लागणं हे दोन्हीच्या प्रमाणावर असतं, त्यामुळे आकडा बरा असलेला घडही दाताला आंबट लागू शकतो. शिवाय कुठला मणी पिळला, उन्हातला का पानाआडचा, घडाच्या वरचा का टोकाचा, त्यावर पण आकडा हलतो. मेव्हणा मीटर बघतो आणि मग चार ठिकाणचे मणी तोंडात टाकतो. व्यापाऱ्याला भाव पाडायचा असला की तो टोकाचा मणी पिळतो, पण तो वेगळा विषय.

सर्व्हिस सेंटरचं चांगलं काय तेही लिहितो, नाहीतर म्हणाल आकस आहे. वॉरंटीत गाडी असेल तर तिथेच जा, दुसरा उपाय नाही. कंपनीने काही पार्ट परत मागवला असेल, सॉफ्टवेअर अपडेट असेल, एअरबॅगचा दिवा लागला असेल तर मिस्त्रीच्या गल्लीत ते होणार नाही, मिस्त्रीने स्वतःच मला तसं सांगितलं. ऑइल, फिल्टर, कूलंट, ठरलेलं काम, ते नीट करतात, वेळेत देतात, पक्कं बिल देतात. मिस्त्रीने बिल दिलं नाही, वहीतल्या कागदावर लिहून दिलं आणि "सहा महिन्यांत काही झालं तर या" ही वॉरंटी. वॉशिंग सेंटरचं एक नंबर. ज्या कामाची यादी होऊ शकते ते काम तिथे चांगलं होतं. ज्याच्यासाठी कोणीतरी कान देऊन गाडीत बसायला पाहिजे, तिथे गाडी नेऊ नका, किंवा न्या पण टेस्ट ड्राइव्ह आवाराबाहेर झाल्याशिवाय चावी घेऊ नका.

त्यांच्याकडे जायचंच असेल तर माझ्याकडून दोनचार गोष्टी. तक्रार तोंडी सांगू नका, कागदावर लिहा, दोन प्रती करा, एक गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवा म्हणजे आतल्या मेकॅनिकला दिसेल. जॉब कार्डवर "रिपीट" लिहायला लावा, मी नाही लावलं, ती माझी चूक. शक्यतो महिन्याच्या शेवटी जाऊ नका. आणि मॅपवरचं रेटिंग बघताना आकडा सोडा आणि दोन-तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचा. मी आता परत जाऊन वाचले तेव्हा कळलं, पाच स्टारवाल्यांत निम्म्याहून जास्त एका ओळीचे, "अमुक सरांनी छान सर्व्हिस दिली", सगळ्यात ॲडव्हायझरचं नाव न चुकता, आणि महिन्याच्या २७-२८ तारखेपासून धो धो. गाडीला काय झालं होतं, काय बदललं, कोणी लिहिलेलंच नाही. एक स्टारवाले पण सोडून द्या, ते चिडलेले असतात, त्यांना लाउंजमध्ये कॉफी मिळाली नाही म्हणून पण एक स्टार देतात. तीनवाला माणूस बसून विचार करून लिहितो. त्याला आपलं बरंवाईट दोन्ही सांगायचं असतं, म्हणून बहुतेक त्याचं कोणी ऐकत नाही.

पोराचं म्हणाल तर, हे नुसतं आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने कर्मचाऱ्यांना टार्गेट दिलं होतं की एका ग्राहकाला आपली आठ खाती-कार्डं विका, लोकांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली, लाखो. २०१६ मध्ये भांडं फुटलं, १८.५ कोटी डॉलर दंड झाला, आणि बँकेने सुमारे ५,३०० कर्मचारी काढले. टार्गेट पाळताना नोकरी टिकवू पाहणारेच गेले. म्हणून मी पोराला वाचवतोय, बाकी काही नाही.

आता स्टार. माझ्या मनात ३ होते, तेच मॅपवर दिले, आणि वर जे लिहिलंय त्यातलं चार ओळींत लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सेंटरच्या कस्टमर केअरमधून फोन. मॅडम फार गोड बोलत होत्या, सर तुमचा अनुभव ऐकून वाईट वाटलं, आम्ही तुम्हाला एक फ्री वॉशिंग आणि इंटिरियर क्लिनिंग देतो, तेवढा रिव्ह्यू एडिट करून पाच करता येईल का? खडखडीचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. मी वाट बघितली, खरंच बघितली, फोन ठेवेपर्यंत.

वॉशिंग करून घेतलं. स्टार तीनच ठेवलेत.

पुढच्या महिन्यात ऑइलची सर्व्हिस ड्यू आहे आणि तेवढ्यासाठी मी तिथेच जाणार आहे. सासऱ्यांना सांगून ठेवलंय की एक पोतं द्या. बायको म्हणाली, आता कांदे घरात ठेवायला जागा नाही, कशाला पाहिजे? मी म्हटलं घरात नाही, डिकीत, स्टेपनीवर. बघू ३३ नंबरला टिक येते का. तर म्हणते, म्हणजे तुम्ही पण त्यांची तपासणी एकाच टिकेवर करणार. मी काही बोललो नाही. पोतं शनिवारी आणायचंय.